कोशूची ओळख: जपानी व्हाइट वाइन निवडण्यापासून ताटापर्यंत

जपानी व्हाइट वाइन पहिल्यांदाच घेत असाल तर सुरुवात कोशूपासून करा. कोशू ही द्राक्षाची जात. तोक्योच्या पश्चिमेला, फुजी पर्वताच्या उत्तरेकडे यामानाशी प्रांताचं डोंगरांनी वेढलेलं खोरं आहे. जपानची बहुतेक कोशू तिथेच पिकते. वाइनचा रंग जवळजवळ पाण्यासारखा, वास मंद, अल्कोहोल बहुधा ११ ते १२ टक्के. नुसती प्यायली तर ‘यात काय एवढं?’ असं वाटून बाटली बाजूला पडण्याचा संभव जास्त. ती जेवताना उघडायची वाइन आहे. तिची जोडी जमवताना मासा कोणता, शाकाहारी की मांसाहारी, हे प्रश्न दुय्यम असतात. पदार्थाला नुसतं मीठ लावलंय, लिंबू पिळलंय, सोया सॉसमध्ये बुडवलाय की साखरेचा पाक चोपडलाय, ते आधी पाहायचं. या लेखातल्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

द्राक्षाबद्दल जुजबी माहिती

कोशूची साल गुलाबी-जांभळट असते, तरी वाइन पांढरी होते, कारण रस काढला की साल लगेच बाजूला केली जाते. जनुकीय तपासणीत या जातीचा मोठा हिस्सा युरोपीय वाइन-द्राक्षांचा आणि थोडा पूर्व आशियातल्या रानटी द्राक्षांचा निघाला. म्हणजे पश्चिमेकडून आशिया ओलांडून येता येता वाटेत कुठेतरी संकर झाला. इ.स. ७१८ मध्ये ग्योकी या बौद्ध भिक्षूला ती सापडली अशी एक आख्यायिका आहे. ११८६ मध्ये एका शेतकऱ्याला रानात वेगळाच वेल दिसला अशी दुसरी. वाइनचा इतिहास मात्र अलीकडचा. १८७७ मध्ये यामानाशीतल्या कात्सुनुमा गावच्या नव्या कंपनीने दोन तरुणांना फ्रान्सला शिकायला पाठवलं, तिथून धंदा नीट सुरू झाला. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत कोशूची नोंद २०१० साली झाली.

नाशिक-सांगलीच्या बागा पाहिलेल्यांना कात्सुनुमा परकं वाटणार नाही, कारण तिथेही वेल मांडवावर चढवलेले असतात. कारण वेगळं. तिथे जून-जुलैत पावसाळा आणि सप्टेंबरात वादळं येतात. घड जमिनीपासून उंच आणि वाऱ्यावर राहिले तर बुरशी कमी लागते. त्यावरही न भागल्यामुळे कित्येक शेतकरी प्रत्येक घडावर मेणकागदाची छोटी टोपी बांधतात. एका मांडवावर अशा हजारो टोप्या, आणि सगळं हाताने. कोशूची किंमत जास्त का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

चवीच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोशूत साखर फारशी चढत नाही, त्यामुळे वाइन हलकी होते आणि कित्येक वायनरी आंबवताना थोडी साखर घालून अल्कोहोल वाढवतात. त्यात लबाडी काही नाही, कायद्याची परवानगी आहे. दुसरं, साल जाड आणि तुरट असते. रस जोराने पिळला तर तो तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. चांगल्या कोशूच्या शेवटी किंचित कडवट झाक राहते, मोसंब्याच्या पांढऱ्या सालीची असते तशी. हा दोष समजू नका. मिठाच्या आणि तळलेल्या पदार्थांशी तिचं जुळतं ते याच कडवटपणामुळे.

दुकानात: लेबल वाचायची रीत

जपानमध्ये ‘जपानी वाटणारी’ प्रत्येक बाटली जपानी द्राक्षांची नसते. आयात केलेला द्राक्षरसाचा अर्क जपानमध्ये आंबवून विकण्याची पद्धत जुनी आहे, आणि सुपरमार्केटच्या खालच्या फळीवर पाच-सहाशे येनला मिळणारी बाटली बहुधा तीच असते. ऑक्टोबर २०१८ पासून लेबलचे नियम कडक झाले, त्यामुळे आता फरक ओळखणं सोपं आहे.

लेबलवर ‘निहोन वाइन’ असेल तरच द्राक्षं पूर्णपणे जपानची आणि वाइनही जपानमध्ये बनलेली. अक्षरं वाचता येत नसतील तर फोनच्या भाषांतराच्या अॅपचा कॅमेरा मागच्या लेबलवर धरा आणि घटकांची ओळ शोधा. त्यात ‘युन्यू’ म्हणजे आयात किंवा ‘नोशुकु काजू’ म्हणजे आटवलेला रस, यातलं काही निघालं तर बाटली परत ठेवा. अशा वाइनवर गावाचं वा द्राक्षाच्या जातीचं नाव छापता येत नाही, तीही एक खूण.

मग गाव, जात आणि वर्ष बघा. ही तिन्ही नावं छापायला प्रत्येकी किमान ८५ टक्क्यांची अट आहे: लेबलवर कोशू असेल तर किमान ८५ टक्के कोशू, २०२२ असेल तर किमान ८५ टक्के त्या वर्षीची द्राक्षं. ‘जीआय यामानाशी’ हा शिक्का (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन) त्याहून कडक. तो २०१३ पासून आहे, त्याला सगळी द्राक्षं यामानाशीची लागतात आणि वाइन चाखून पास व्हावी लागते. पहिल्या बाटलीसाठी हा शिक्का शोधणं सर्वांत बिनधोक.

वर्षाच्या बाबतीत नवशिक्याने ताजंच घ्यावं. साधी कोशू दोन-तीन वर्षांत संपवायची असते. दुकानाच्या उजेडात, कपाटाच्या वर, पाच वर्षं जुनी साधी बाटली सवलतीत दिसली तर ती सवलत दुकानदाराच्या सोयीची आहे असं समजा. त्याच वर्षीची नवी वाइन ३ नोव्हेंबरला बाजारात येते. ती फळाळ आणि गमतीची असते, पण तिच्यावरून कोशूची परीक्षा करू नये.

गोड की कोरडी, हेही बघून घ्या. ‘काराकुची’ म्हणजे कोरडी, ‘याया अमाकुची’ म्हणजे किंचित गोड, ‘अमाकुची’ म्हणजे गोड. पर्यटनस्थळी भेट म्हणून विकली जाणारी कोशू बरेचदा गोडसर असते. जेवणासाठी काराकुची. नेहमीची ७२० किंवा ७५० मिलीची चांगली बाटली साधारण दीड-दोन हजार येनपासून सुरू होते. यापेक्षा दुप्पट खर्च पहिल्या खेपेला करण्याची गरज नाही.

कोशूच्या तऱ्हा

स्टीलच्या टाकीत बनलेली साधी कोशू सर्वांत हलकी. युझू (सुवासिक जपानी लिंबू), हिरवं सफरचंद, जपानी नाशपाती, असा वास. साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि थंड टोफूसाठी हीच.

‘स्युर ली’ म्हणजे आंबल्यानंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या साक्यावर काही महिने तशीच ठेवलेली वाइन. मेलेल्या यीस्टमधून निघणाऱ्या द्रव्यांनी तिला अंग येतं, पावासारखा मंद वास येतो आणि दाशीच्या (जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्याच्या) चवीशी नातं जुळतं. १९८०च्या दशकात मर्सियान कंपनीने कोशूसाठी ही पद्धत वापरली आणि स्वतःपुरती न ठेवता आसपासच्या वायनरींनाही खुली केली. कोशूचा दर्जा वर गेला त्यात या उदारपणाचा वाटा मोठा आहे. एकच बाटली घ्यायची असेल तर आमचं मत स्युर लीला. मारुफुजीची ‘रुबाइयात’ स्युर ली आणि कात्सुनुमा जोझोची ‘आरुगा ब्रांका क्लारेझा’ ही या तऱ्हेची ठरलेली नावं.

सुवासिक कोशू ही तिसरी तऱ्हा. कोशूत पॅशनफ्रूट-ग्रेपफ्रूटसारखा वास देणारी गंधकयुक्त संयुगं दडलेली असतात, हे बोर्दोच्या शास्त्रज्ञांसोबतच्या कामातून पुढे आलं, आणि मर्सियानच्याच ‘शातो मर्सियान’ वायनरीने २००४ च्या पिकाची ‘किइरोका’ त्यावर बेतली. द्राक्षं थोडी लवकर तोडतात, रसाला हवा लागू देत नाहीत. मिरी, हिरवा कांदा, शिसो (तुळशीसारखा जपानी पाला), कोथिंबीर अशा वासाच्या पाल्यासोबत ही छान.

सालीसकट आंबवलेली कोशू नारिंगी किंवा तांबूस दिसते. लेबलवर ‘कामोशी’, ‘ऑरेंज’ किंवा ‘ग्री’ असं काहीतरी असतं. तुरट, चहाच्या अंगाची. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट), भाजलेली कोंबडी, ईल (सापासारखा लांब मासा) यांना पुरते. लाकडी पिंपातली कोशू आणि बुडबुड्यांची कोशू याही मिळतात. पिंपातली घेताना सावध, कारण लाकूड जास्त झालं तर एवढ्या हलक्या वाइनला त्याखाली श्वास घेता येत नाही. ग्रेस वायनरीची आकेनो मळ्यातली ‘क्युवे मिसावा’ ही वरच्या दर्जाची; तिच्या २०१३ च्या पिकाला २०१४ साली लंडनच्या डिकँटर स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. पण ती सुरुवातीची बाटली नव्हे.

थंड किती आणि ग्लास कोणता

नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त इथे बिघडतं. फ्रीजमधून काढून थेट ओतलेली कोशू ४-५ अंशांवर असते. त्या थंडीत वास मिटतो आणि फक्त आंबट-कडवट पाणी उरतं. साधी आणि स्युर ली ८ ते १० अंशांवर, नारिंगी आणि पिंपातली १२ ते १४ अंशांवर प्यावी. थर्मामीटर लागत नाही. रात्रभर फ्रीजमध्ये असलेली बाटली जेवणाआधी १५-२० मिनिटं बाहेर काढून ठेवा. नारिंगी असेल तर अर्धा तास. उलट बाटली खोलीतल्या तापमानाला असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून मानेपर्यंत २० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ठेवू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. घाईत फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बूच वर येतं किंवा काच तडकते.

ग्लास मध्यम, तोंडाशी किंचित आत वळलेला, २५० ते ३५० मिलीचा. त्यात ८० मिलीच ओता. रेड वाइनच्या मोठ्या घमेल्यात कोशूचा वास हरवतो. कात्सुनुमात जुने लोक १.८ लिटरच्या साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) बाटलीतून चहाच्या कपात ओतून पितात. रोजच्या जेवणाला तेही चालतं, पण शिकायच्या वेळी ग्लास हवा.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन दिवस ठीक राहते, तिसऱ्या दिवशी वास उतरतो. त्यानंतर स्वयंपाकाला वापरा.

पहिला प्रयोग: एक पदार्थ, तीन चवी

हा प्रयोग एकदा केला की जोडीचं गणित पाठ करावं लागत नाही. दोघांसाठी लागेल: पांढऱ्या माशाच्या साशिमीचे १२ पातळ काप (हिरामे किंवा ताई), मासे खात नसाल तर १५० ग्रॅमचा रेशमी टोफू, जाडसर मीठ, एक सुदाची (छोटं हिरवं जपानी लिंबू) किंवा अर्धं लिंबू, एक चमचा सोया सॉस, थोडी वासाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) आणि १० अंशांवरची स्युर ली.

टोफू असेल तर आधी कागदी रुमालावर दहा मिनिटं ठेवून पाणी टिपून घ्या, नाहीतर मीठ वाहून जातं. आधी वाइनचा एकच घोट घ्या आणि आंबटपणा व शेवटची कडवट झाक लक्षात ठेवा.

पहिला काप नुसत्या मिठासोबत खा, चिमटीत येईल त्याहून कमी मीठ. गिळून लगेच घोट घ्या. कडवटपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि वाइन फळासारखी लागते. मीठ कडवटपणा दाबतं, त्याचाच हा परिणाम.

दुसऱ्या कापावर मीठ आणि सुदाचीचे तीन-चार थेंब. आता वाइनचा आंबटपणा मऊ लागतो, कारण जिभेवर आधीच आम्ल आहे, आणि युझूचा वास उघडतो. बहुतेकांना ही जोडी सर्वांत आवडते.

तिसरा काप सोया सॉसमध्ये अर्धा बुडवून. वाइन पातळ आणि कडवट वाटू लागते. सोयातला उमामी (मांस-रश्श्याची खमंग चव) वाइनचा कडवटपणा वर आणतो. सोयातलं मीठ तो थोडा सावरतं, पण सॉस जितका जास्त तितकी वाइन मागे पडते. आता चौथा काप घ्या आणि सॉस टोकाला टेकवण्यापुरताच लावा, वर दोन थेंब सुदाची. फरक लगेच कळेल. वासाबी कापाच्या वर ठेवा, सॉसमध्ये कालवू नका. तिचा झणका उडून जाणारा असतो, तो वाइनला मारत नाही. कालवली की मात्र सगळ्या घासांवर सारखाच चढतो.

माशाचा वास का येतो

कधीकधी वाइनच्या घोटानंतर तोंडात मासळीबाजार उभा राहतो, आणि दोष माशावर जातो. २००९ साली मर्सियानच्या संशोधकांनी याचा माग काढला. त्यांनी सुकवलेल्या शिंपल्यासोबत ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन चाखवल्या. ज्यांत विरघळलेलं लोह जास्त, विशेषतः लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर, त्यांच्यासोबत मासळट चव तीव्र आली. लोह बांधून ठेवणारं द्रव्य मिसळल्यावर ती गेली. लोह माशाच्या तेलातल्या मेदाम्लांवर काम करून क्षणात वासाची संयुगं तयार करतं.

लेबलवर लोहाचा आकडा छापत नाहीत, तेव्हा व्यवहारात इतकंच करता येतं: कच्च्या माशासोबत रेड टाळा, हलकी कोशू घ्या, आणि सर्वांत तेलकट किंवा सुकवलेले प्रकार नव्या बाटलीसोबत आधी एक घास खाऊन तपासा. सुके मासे, माशांची अंडी, सी-अर्चिन हे सर्वांत अवघड. साबा (बांगडा) आणि इवाशी (तारली) यांसारखे तेलकट मासे व्हिनेगरमध्ये मुरवलेले असतील किंवा भाजून त्यावर किसलेला मुळा आणि लिंबू असेल तर निभावतं. आम्लामुळे माशाच्या वासाची संयुगं दबतात, म्हणून लिंबू इथे सजावटीपुरतं नाही.

कशासोबत काय

कालवं, शिंपले, कोलंबी, पांढरा मासा: साधी किंवा स्युर ली, मीठ-लिंबू. तेम्पुरा (पातळ पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या) हा कोशूचा सर्वांत भरवशाचा जोडीदार, पण मीठ लावून. तेम्पुरासोबत येणाऱ्या सॉसमध्ये मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळी दारू) असतं, म्हणजे गोडी. पदार्थ गोड झाला की कोरडी वाइन जास्त आंबट आणि कडवट लागते. कोंबडीच्या याकितोरीतही (काडीवर भाजलेल्या तुकड्यांतही) तेच: दुकानात ‘शिओ’ म्हणजे मिठाची की ‘तारे’ म्हणजे गोड सॉसची असं विचारतात, तेव्हा शिओ म्हणा. तारेचीच हवी असेल तर नारिंगी कोशू मागवा.

सुशीच्या भातात व्हिनेगर, मीठ आणि साखर तिन्ही असतात. म्हणून पूर्ण कोरडी वाइन कधी जमते, कधी टोचते. अगदी किंचित गोडीची बाटली किंवा बुडबुड्यांची कोशू जास्त सुरक्षित. ट्यूना सोयाखेरीज खाणार नसाल तर त्या घासाला वाइन न घेता हिरवा चहा घ्या. प्रत्येक घासाला घोट हवाच असं थोडंच आहे.

यामानाशीचं घरगुती जेवण म्हणजे होतो: जाड सपाट नूडल्स, लाल भोपळा, भाज्या, सगळं मिसोच्या रश्श्यात शिजवलेलं. भोपळ्याची गोडी आणि मिसोचा जाडपणा पाहता साधी कोशू इथे बुडते. नारिंगी किंवा पिंपातली १३-१४ अंशांवर द्या. सुकियाकी (गोडसर सोया रश्श्यातलं मांस), गोड सॉसमधली ईल, तोनकात्सुचा (तळलेल्या डुकराच्या मांसाच्या कटलेटचा) काळा सॉस, करी राइस यांच्यासोबत कोरडी कोशू उघडूच नका. ईलवर सानशोची (तिरफळासारख्या जपानी मसाल्याची) पूड भरपूर भुरभुरली तर नारिंगी कोशू जमते.

शाकाहारी ताट

इथे वाइनपेक्षा जेवणच जास्त तपासावं लागतं. तेम्पुराच्या पिठात बरेचदा अंडं असतं, सॉसमध्ये कात्सुओबुशी म्हणजे सुक्या माशाचा अर्क, आणि बाटलीतल्या पोन्झूतही (लिंबाचा रस घातलेल्या सोया सॉसमध्येही) तो असू शकतो. घरी करताना दाशी कोम्बूची (सुकवलेल्या समुद्री शेवाळाची) करा: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू रात्रभर फ्रीजमध्ये. उकळू नका, चिकट आणि उग्र होते. त्यात टोफू गरम करून मीठ आणि युझूच्या सालीसोबत द्या. स्युर लीला याहून सोपी जोडी नाही. तिळाचा टोफू, मिठातली काकडी, भाजलेली वांगी किसलेल्या आल्यासोबत, हेही चालतं. कटाक्षाने शाकाहारी असाल तर एक लक्षात घ्या: काही वायनरी वाइन नितळ करायला जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात. तेव्हा वायनरीला विचारूनच घ्या.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत कांदाभजी आणि कोथिंबीर वडी तेम्पुराच्या नियमाने चालतात: तिखट कमी, मीठ वरून, लिंबाची फोड, चिंचगुळाची चटणी नको. सुरमई रव्यात तळा, पण मसाला हळद-मीठ-लिंबापुरता ठेवा. मालवणी मसाल्याच्या कालवणासमोर कोशू टिकत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये.

एक पदार्थ: कोशूत वाफवलेल्या आसारी

आसारी म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जवळपासचा शिंपला. दोघांसाठी ३०० ग्रॅम. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात शिंपले एकाच थरात, निम्मे बाहेर राहतील असे, अंधारात दोन तास ठेवा म्हणजे वाळू सोडतील. पाणी साधं असेल तर शिंपले तोंड मिटून बसतात आणि वाळू ताटात येते. नंतर एकमेकांवर घासून धुवा. उघडं असलेलं आणि टिचकी मारूनही न मिटणारं टाकून द्या.

कढईत एक चमचा तेल, आल्याचे चार पातळ काप, अर्धा मिनिट. शिंपले घाला, १०० मिली साधी कोशू ओता, झाकण लावून मोठ्या आचेवर तीन ते पाच मिनिटं. बहुतेक उघडले की लगेच आच बंद. आणखी दोन मिनिटं ठेवले तर मांस रबर होतं. न उघडलेले काढून टाका. मीठ घालू नका, शिंपल्याचं पाणी खारट असतंच. वरून हिरवा कांदा आणि सुदाची, नसल्यास लिंबू. कढईत ओतलेली वाइनच ग्लासात ठेवा. लोणी घालायचा मोह झाला तर एक छोटा चमचाच, आणि मग ग्लासात स्युर ली.

कोशूखेरीज

होक्काइदो बेटावरची केर्नर (ही द्राक्षाची जात) सुगंधी आणि चटपटीत आंबट. तिथल्या खेकड्यासोबत, लोण्यात परतलेल्या होताते या मोठ्या शिंपल्यासोबत घ्या. नागानोची शार्दोने जाड अंगाची, कोंबडी आणि क्रीमला चालते. नायागारा जातीची वाइन द्राक्षाच्या सरबतासारखी दरवळते. फळासोबत ठीक, साशिमीसोबत अजिबात नाही. देलावेअर जातीची द्राक्षं यामागाता आणि ओसाकात खूप. ओसाकाच्या काताशिमो वायनरीने देलावेअरची बुडबुड्यांची ‘ताकोशान’ चक्क ताकोयाकीसाठी (ऑक्टोपसचे तुकडे घातलेल्या पिठाच्या गोळ्यांसाठी) काढली, आणि गरम, सॉस माखलेल्या त्या गोळ्यांना ती खरोखर पुरून उरते.

कात्सुनुमाला जाणार असाल तर

शिंजुकूहून चुओ मार्गावरच्या ‘काइजी’ एक्सप्रेसने सुमारे दीड तास. सगळ्या गाड्या कात्सुनुमा-बुदोक्यो स्थानकावर थांबत नाहीत, तिकीट काढताना तपासा. टेकडीवरच्या ‘बुदो नो ओका’च्या तळघरात ठरावीक पैसे भरून धातूची छोटी वाटी मिळते आणि स्थानिक वायनरींच्या कितीतरी बाटल्या चाखता येतात. सगळ्या चाखायला जाऊ नका. आधी साधी कोशू तीन, मग स्युर ली तीन, शेवटी नारिंगी दोन, प्रत्येकीचा एक घोट, आणि थुंकायचं भांडं निःसंकोच वापरा. गोड वाइन सर्वांत शेवटी, नाहीतर पुढच्या सगळ्या आंबट लागतील. जवळच दाइझेन्जी देऊळ आहे. तिथल्या बुद्धाच्या हातात द्राक्षांचा घड आहे.

गाडी चालवत जाऊ नका. जपानमध्ये पिऊन चालवणाऱ्यावर कारवाई होतेच, त्याला दारू देणारा आणि सोबत बसणाराही अडकतो. मद्यपानाचं किमान वय २०.

भारतात परतताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या निर्धास्त. त्या चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिक पिशवीत आणि कपड्यांच्या मधोमध. घरी आल्यावर आठवडाभर फ्रीजच्या दारात नको, खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा, मग उघडा.